‘च’ आणि ‘ही’

शरीरात शिरलेल्या रोगजंतूंशी नेमके कोण लढते? रशियन साम्राज्यात जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी आयुष्याचा मोठा भाग या प्रश्नाला वाहिला. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशी जमल्या होत्या. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही जंतूंना असेच घेरून गिळतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला.

अनेक जर्मन संशोधकांना तो अमान्य होता. त्यांच्या मते खरे रक्षक म्हणजे रक्तद्रवातील प्रतिपिंडे. हा वाद वर्षानुवर्षे चालला. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे मेचनिकॉफ प्रयोगांनीच उत्तर देत राहिले. पुढे १९०३ मध्ये लंडनमध्ये आल्मरोथ राइट यांनी दाखवले, की रक्तद्रवातील घटक जंतूंना चिकटतात, तेव्हा पेशी त्यांना अधिक सहज गिळतात.

१९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि प्रतिपिंडांचे पुरस्कर्ते पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा एकेक अंश होता. ‘माझेच खरे’ मधील ‘च’ गळून ‘तुझेही खरे’ मधील ‘ही’ आला, की अनेकांताची वाट सुरू होते.