कान माझे, फोन माझा; मग कुंपण कुणाचं?

मिश्र विवाह ठरला की घरातली मोठी माणसं थेट 'नाही' म्हणत नाहीत. 'आमची हरकत नाही, पण तुमचं जमायचं नाही, बघा,' असं म्हणतात. एका कंपनीचा फोन आणि दुसऱ्या कंपनीचे इअरबड्स अशी जोडी जमवायला दुकानात गेलात, की काउंटरपलीकडून याच वाक्याची धाकटी बहीण भेटते. 'चालतील, पण तेवढी मजा नाही येणार.'

या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. ॲपलचे एअरपॉड्स अँड्रॉइड फोनला जोडता येतात. सॅमसंगचे गॅलक्सी बड्स आयफोनला जोडता येतात. गाणं वाजतं, कॉल घेता येतो. मजा नेमकी कुठे जाते, ते मात्र कुणी सांगत नाही. मी सांगते.

एअरपॉड्स अँड्रॉइडला जोडले की बड कानातून काढल्यावर गाणं आपोआप थांबत नाही. कुठल्या बडमध्ये किती चार्जिंग उरलंय, ते फोन आपणहून दाखवत नाही. बड दाबल्यावर काय व्हावं, ते बदलता येत नाही. बड्सच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, अपडेट व्हायला आयफोन, आयपॅड किंवा मॅक लागतो. दुसऱ्या बाजूला फार वेगळं चित्र नाही. सॅमसंगचा स्वतःचा वरच्या दर्जाचा कोडेक फक्त सॅमसंगच्या फोनवर चालतो, ३६० ऑडिओही तिथेच. आयफोनसाठी सॅमसंगचं बड्सचं ॲप एकेकाळी होतं; पुढच्या कित्येक मॉडेल्सना ते मिळालंच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. यातला थोडा भाग तांत्रिक अडचणीचा आहे आणि बराचसा भाग कुंपणाचा. आपण मात्र सगळ्यालाच अडचण म्हणतो आणि वर स्वतःला दोष देतो : 'माझाच फोन तसला आहे ना!'

*

ब्लूटूथचा जन्मच मुळी मिश्र विवाहांसाठी झाला. १९९४ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड शहरात एरिक्सनचे इंजिनियर वायरला पर्याय शोधत होते. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या. फोनवाले, कम्प्युटरवाले, चिपवाले. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी ही मंडळी. नाव घेतलं दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं, कारण विखुरलेल्या टोळ्यांना त्याने एकत्र आणलं अशी त्याची ख्याती. तुमच्या फोनवरचं ते टोकदार चिन्ह म्हणजे त्याच्या नावाच्या दोन आद्याक्षरांचा, जुन्या रून लिपीतला, जोड आहे.

हा हेतू नुसता नावात नाही, नियमांतही आहे. गाणं पाठवायची पद्धत ठरलेली आहे, तिला ए२डीपी म्हणतात. 'थांब', 'वाजव', 'पुढचं लाव' हे हुकूम द्यायची पद्धत ठरलेली आहे, ती एव्हीआरसीपी. कॉलसाठी तिसरी पद्धत आहे. आवाज लहान करून पाठवायचे कोडेक पुष्कळ आहेत, पण एसबीसी नावाचा एक कोडेक ए२डीपी वापरणाऱ्या प्रत्येकाला ठेवावाच लागतो. दुसरं काहीच जुळलं नाही तरी तो जुळतो. म्हणून तर 'चालतील' हे दुकानातलं वाक्य खरं ठरतं.

आता खरी अडचण कुठे आहे तेही सांगून टाकू, म्हणजे भांडण नीट करता येईल. सोनीचा एलडीएसी हा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत पाठवू शकतो. पण तो फोन आणि बड्स दोन्हीकडे लागतो. आयफोनवर तो नाही, त्यामुळे सोनीचे महागडे बड्ससुद्धा आयफोनशी एएसीमध्येच बोलतात. क्वालकॉमच्या ॲप्टएक्सचंही तेच. दोघांना एकच भाषा यायला हवी, हे कारण मला पटतं. आणि गर्दीच्या लोकलमध्ये दारात लटकून ऐकताना त्या फरकाने फारसं काही बिघडत नाही.

पण बड कानातून काढल्यावर गाणं थांबण्याचं काय? बड कानात आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर बडमध्येच असतो, फोनमध्ये नाही. 'थांब' हा हुकूम ठरलेल्या नियमांत आहे, आणि बडवर टिचकी मारली की तो कुठल्याही कंपनीच्या फोनला जातोच. मग टिचकीने जाणारा हुकूम सेन्सरने का जाऊ नये? दोन-तीन हजारांतले कित्येक बड्स हे काम कुठल्याही फोनवर निमूटपणे करतात. वीस हजारांच्या बड्सना ते जमत नाही, यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही. जमतं, करू दिलेलं नाही.

पुरावा हवा असेल तर लिब्रेपॉड्स नावाचा मुक्त-स्रोत प्रकल्प बघा. एअरपॉड्स आयफोनशी कुठल्या खाणाखुणांनी बोलतात, ते हौशी प्रोग्रामरांनी उलगडलं आणि बॅटरीची पातळी, कान ओळखणं, आवाज रोखण्याचे मोड अशा सोयी अँड्रॉइडवर चालवून दाखवल्या. बड्स तेच. त्यांच्यात एकही नवा भाग घातला नाही. म्हणजे क्षमता आपण पैसे मोजून घेतलेल्या त्या डबीत आधीपासून होती, फक्त ती कुणासमोर उघडायची हे दुसऱ्याच कुणी ठरवलं होतं.

आपल्याकडे याला जुने शब्द आहेत. रोटीव्यवहार चालेल, बेटीव्यवहार नाही. परक्या फोनला गाणं वाढलं जाईल, पण घरात घेतलं जाणार नाही. जातीने माणसांना जे भोगायला लावलं त्याच्याशी इअरबड्सची बरोबरी करायची नाही. ती करणं अश्लाघ्य होईल. पण 'आपल्यातलंच बघा' हा सल्ला प्रेमाने, काळजीने आणि तुमच्याच भल्यासाठी म्हणून दिला जातो, हे आपल्याला चांगलं ओळखीचं आहे. म्हणून तो ऐकताना आपण जरा जास्त सावध असायला हवं.

*

याआधी असं नव्हतं, हेही विसरून चालणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरच्या जाड पिनेपासून लहान होत होत ३.५ मिलिमीटरचं भोक तयार झालं. त्याला जात नव्हती. फुटपाथवरचे पन्नास रुपयांचे इअरफोन आणि स्टुडिओतला महागडा हेडफोन त्याला सारखेच. १९७९ मध्ये सोनीने पहिला वॉकमन काढला तेव्हा त्याला अशी दोन भोकं दिली होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. दुसऱ्या माणसाचा हेडफोन कुठल्या कंपनीचा, हे विचारायची सोयच नव्हती.

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ते भोक काढलं आणि त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स पुढे केले. भोक काढण्याला मंचावरून 'धैर्य' म्हटलं गेलं. गूगलने त्याच वर्षी आपल्या पिक्सेलच्या जाहिरातीत यावरून टोमणा मारला आणि २०१७ च्या पिक्सेल २ मधून स्वतःही ते काढलं. सॅमसंगने २०१९ च्या नोट १० मध्ये तेच केलं. ज्या भोकातून कुणालाही आत येता येत होतं ते बुजवलं गेलं, आणि त्याच्या जागी प्रत्येकाने आपापलं फाटक बसवलं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हे.

याची किंमत कोण मोजतं? एकाच दुकानातून एकाच कंपनीचा फोन, घड्याळ, बड्स आणि लॅपटॉप घेणारा मोजत नाही. त्याच्यासाठी हे कुंपण अदृश्य आहे. पण आपल्यातल्या बहुतेकांची घरं अशी चालत नाहीत. फोन दिवाळीच्या सेलमधला, ईएमआयवर. बड्स वाढदिवसाला मित्रांनी वर्गणी काढून दिलेले. लॅपटॉप ताईचा जुना. घरातली प्रत्येक वस्तू वेगळ्या वर्षी, वेगळ्या पगारातून येते आणि मग एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते.

माझ्या मावशीला तिच्या मुलाने आपले जुने बड्स दिले. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. मावशीचा फोन वेगळ्या कंपनीचा. बड्स चांगले, आवाज स्वच्छ. पण कानामागे केस सारखे केले की बडला बोट लागायचं आणि कॉल कट व्हायचा. मला वाटायचं ती रागावून फोन ठेवते. तो स्पर्श बंद करायची सोय बड्समध्ये होती, पण त्यासाठी ॲप हवं आणि ते ॲप तिच्या फोनसाठी निघालेलंच नव्हतं. दर वेळी मुलगा सुट्टीवर घरी येण्याची वाट बघायची, का? तर एक बटण बंद करायला. शेवटी मावशीने ते बड्स कपाटात ठेवून दिले. चालू स्थितीतली वस्तू, बॅटरी धड, सगळं धड, आणि तरी घरात तिचा कचरा झाला.

पुढची पायरी याहून गंभीर आहे, कारण बड्स आता गाण्यापुरते उरलेले नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एअरपॉड्स प्रो २ मधलं श्रवणयंत्राचं सॉफ्टवेअर मंजूर केलं. कमी ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांना त्याचा उपयोग होऊ शकतो. ही खरोखर मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय ॲपलला द्यायलाच हवं. पण ते सुरू करायला आयफोन किंवा आयपॅड लागतो. उद्या ऐकू येणं हीसुद्धा फोनच्या ब्रँडवर अवलंबून असलेली 'मजा' ठरणार असेल, तर आजच भांडलेलं बरं.

*

कंपन्यांची बाजू अशी की सगळ्यांना दार उघडलं तर सुरक्षितता आणि खासगीपणा धोक्यात येतो. काही ठिकाणी हे खरं आहे. माझ्या फोनवरचे मेसेज कुठल्याही परक्या उपकरणाने वाचावेत, असं मी म्हणणार नाही. पण डाव्या बडमध्ये चाळीस टक्के चार्जिंग आहे, यात कसलं गुपित? जोडणीला कूटबद्ध करायची सोय ब्लूटूथमध्ये आहे. परवानगी विचारायचा चौकोन प्रत्येक फोनवर आहे. मालकाला विचारा, तो सांगेल.

दुसरी बाजू : 'आम्ही संशोधनावर पैसा घातला, फायदा दुसऱ्याच्या फोनला का द्यावा?' द्यायचा तो फायदा दुसऱ्याच्या फोनला नाही, ज्याने बड्सचे पूर्ण पैसे मोजले त्या माणसाला द्यायचा आहे. परक्या फोनवाल्याला बड्स अर्ध्या किमतीत मिळत नाहीत.

तिसरी बाजू मित्रांकडून ऐकू येते : 'मग दुसरे घे ना!' घेईन की. पण काय चालतं आणि काय चालत नाही, हे कळलं तर निवड करता येईल. खोक्यावर मोठ्या अक्षरांत चाळीस तासांची बॅटरी असते. 'अमुक सोयी फक्त आमच्याच फोनवर' हे सापडलंच तर तळटीपेत, मुंगीच्या अक्षरांत.

हे बदलता येतं, याचे दाखले आहेत. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली ॲपलला आयफोनमधल्या नऊ सोयी इतर कंपन्यांच्या उपकरणांसाठी खुल्या करायला सांगितलं. त्यात फोनजवळ नेताच होणारी जोडणी आहे आणि एका उपकरणावरून दुसऱ्यावर आवाज आपोआप वळणंही आहे. ॲपल त्याविरुद्ध न्यायालयात गेली. पण प्रश्न निदान योग्य जागी, कायद्याच्या टेबलावर आला. चार्जरचंही असंच झालं होतं. 'हे तंत्राला मारक आहे' असं ॲपल म्हणत राहिली, युरोपने सक्ती केली, आणि २०२३ च्या आयफोनला टाइप-सी आलं. तंत्र काही मेलं नाही.

भारताच्याही हातात काही नाही असं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधल्या वर्तनासाठी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे आला. या चर्चांत इअरबड्स आणण्याइतपत आपली संख्या आहे. आपल्यासारखी घाऊक गिऱ्हाइकं जगात दुसरीकडे फारशी नाहीत.

माझ्या मागण्या तीनच. ब्लूटूथच्या ठरलेल्या नियमांतून होणारी कामं कुठल्याही फोनवर व्हावीत. फर्मवेअर अपडेट आणि मूळ सेटिंग्ज यांसाठी त्याच कंपनीचा फोन लागू नये. आणि परक्या फोनवर काय चालणार नाही, ते किमतीइतक्याच ठळक अक्षरांत खोक्यावर छापावं. जे खरोखर दोन्हीकडे खास चिप असल्याशिवाय होत नाही, ते खुशाल स्वतःपुरतं ठेवा. फक्त तसं सांगा.

कंपन्या या सगळ्याला 'इकोसिस्टिम' म्हणतात. शब्द जंगलातून उचललेला आहे. पण जंगलात शेकडो जाती एकमेकींच्या आधाराने जगतात, आणि इथे एकच पीक आहे. याला उसाचा फड म्हणतात, तोही झोनबंदीच्या काळातला : ऊस तुमचा, घाम तुमचा, पण घालायचा कुठल्या कारखान्याला ते ठरवणार दुसरा. ती बंदी निसर्गनियम नव्हती. शेतकरी भांडले, तेव्हा उठली.