विश्लेषण : व्हिस्की नेमकी कशाला म्हणायचे? ब्रिटन आणि भारताच्या नियमांत फरक काय?

नवी मुंबई : भारत-ब्रिटन व्यापार करारावर 24 जुलै 2025 रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. त्यानुसार ब्रिटिश व्हिस्कीवरील 150 टक्के आयातशुल्क करार लागू होताच 75 टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षी 40 टक्क्यांवर येणार आहे. न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या स्कॉचबरोबरच इंग्लंडमधील छोट्या डिस्टिलरींनाही ही सवलत मिळेल. ब्रिटनला जाऊ पाहणाऱ्या भारतीय व्हिस्कीपुढचा मोठा अडसर मात्र शुल्काचा नाही, व्याख्येचा आहे.

ब्रिटनचा नियम काय?

व्हिस्की धान्यापासूनच बनलेली हवी. ती जास्तीत जास्त 700 लिटरच्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली हवी आणि बाटलीत अल्कोहोल किमान 40 टक्के हवे. इंग्लंडमधील नॉरफोक येथे 2006 मध्ये सुरू झालेल्या सेंट जॉर्जेस डिस्टिलरीलाही पहिली व्हिस्की विकण्यासाठी 2009 पर्यंत थांबावे लागले.

भारतात काय चालते?

'एफएसएसएआय'च्या मानकांनुसार शेतमालापासून मिळालेल्या न्यूट्रल स्पिरिटची व्हिस्की बनवता येते. उसाची मळीही त्यात बसते आणि तीन वर्षे मुरवण्याची सक्ती नाही. त्यामुळे अनेक स्वस्त ब्रँडमध्ये मळीच्या मद्यार्कात थोडे माल्ट स्पिरिट मिसळलेले असते. ते ब्रिटनमध्ये व्हिस्की म्हणून विकता येत नाहीत. 'सिंगल माल्ट'ची व्याख्या मात्र कडक आहे : फक्त माल्ट केलेली बार्ली, पॉट स्टिल आणि एकच डिस्टिलरी.

तीन वर्षांवर वाद का?

स्कॉटलंडमध्ये पिंपातील सुमारे 2 टक्के मद्य दरवर्षी उडून जाते. गोव्यासारख्या उष्ण हवेत हे प्रमाण 8 ते 10 टक्क्यांच्या घरात जाते, पण व्हिस्की मुरतेही लवकर. म्हणून ही अट शिथिल करावी, अशी भारतीय उत्पादकांची मागणी आहे. हा युक्तिवाद माल्टपुरता पटतो; मळीचा प्रश्न त्याने सुटत नाही. गोव्यातील कुंकळ्ळीच्या पॉल जॉनने तर 2012 मध्ये आपली पहिली सिंगल माल्ट लंडनमध्येच बाजारात आणली.

ग्राहकाने काय पाहावे?

राज्याने 2025 मध्ये आणलेल्या 'महाराष्ट्र मेड लिकर'ला धान्याची अट आहे, व्हिस्कीला नाही. त्यामुळे 'व्हिस्की' या शब्दापेक्षा लेबलवरील घटक आणि वय वाचणे महत्त्वाचे.