धातूचा भाव आणि नाण्याचं मोल

नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. 13 हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा चैत्य उमटलेला. नाशिकच्या लेण्यातला गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा शिलालेख जो विजय सांगतो, त्याची ही चांदीतली साक्ष. निधी मुशीत गेला असता तर ती कायमची बुडाली असती.

त्याच नाशिक परिसरात, अंजनेरीला, 1980 च्या दशकात परमेश्वरीलाल गुप्त यांनी नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. मूळचे आझमगढचे गुप्त मुंबई आणि पाटण्याच्या संग्रहालयांत वावरलेले. ठरवलं असतं तर खासगी संग्राहकांना चार हात लांब ठेवू शकले असते. त्यांनी संस्था काढली ती के. के. माहेश्वरी या संग्राहकाला बरोबर घेऊन. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत दूरदर्शी गोष्ट हीच.

आहत नाणी पाहिली की यामागचं कारण कळतं. चांदीच्या पत्र्याचा कापलेला तुकडा, त्यावर सूर्य, षडरचक्र (सहा आऱ्यांचं चक्र) अशी पाच चिन्हं ठोकलेली. राजाचं नाव नाही, साल नाही. कोणत्या चिन्हांबरोबर कोणती चिन्हं येतात, हे शेकडो नाणी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय उलगडत नाही. गुप्त आणि नाण्यांचे अभ्यासक टेरी हार्डेकर यांनी 1985 मध्ये मगध-मौर्य कार्षापणांचं, म्हणजे अशाच चांदीच्या आहत नाण्यांचं, वर्गीकरण प्रसिद्ध केलं. अशा कामाला कपाटात दडवलेलं नाणं निरुपयोगी. ते अभ्यासकाच्या टेबलावर यायला हवं.

आपला कायदा मात्र ते येऊ देत नाही. 1878 चा निखात निधी कायदा 10 रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो. सरकारने ठेवा घ्यायचा ठरवला तर मोबदला धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त, एवढाच. म्हणजे दुर्मीळ नाणंही चांदीच्या भावानेच मोजायचं! शेतात हंडा लागलेला माणूस मग कचेरीऐवजी सराफाकडे वळतो, यात नवल काय? इंग्लंडने 1996 मध्ये आपला कायदा बदलला. तिथे संग्रहालयाने ठेवा घेतला तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला बाजारभावाने मोबदला मिळतो, आणि स्वेच्छेने नोंदवलेल्या जुन्या वस्तूंची संख्या 10 लाखांच्या पुढे गेली आहे.

आपल्याकडेही मोबदला नाण्याच्या खऱ्या किमतीवर ठरला पाहिजे, आणि संग्रहाची नोंद करायला आलेल्या माणसाला चोर समजून उलटतपासणीला बसवणं थांबलं पाहिजे. पुढचा जोगळटेंभी कुठल्या शिवारात निघेल, सांगता येत नाही; ही दुरुस्ती त्याआधी व्हायला हवी.