जत्तींनी रोखलेली सही

हंगामी माणसाने फार प्रश्न विचारू नयेत, अशी आपल्याकडची रीत. बसाप्पा दानप्पा जत्तींनी एक विचारला. आज त्यांची आठवण काढतो आहे ती त्यासाठीच.

माणूस एकेक पायरी चढत आलेला. कोल्हापुरात वकिली शिकून जमखंडीचे नगराध्यक्ष झाले, मग पटवर्धनांच्या त्याच संस्थानाचे दिवाण. विलीनीकरणानंतर मुंबईच्या विधिमंडळात, मोरारजींच्या हाताखाली उपमंत्री. १९५६ मध्ये जमखंडीसह विजापूर म्हैसूर राज्यात गेले, तसे जत्तीही गेले आणि दोन वर्षांत मुख्यमंत्री झाले. पुढे पाँडिचेरीचे नायब राज्यपालपद, ओरिसाचे राज्यपालपद, उपराष्ट्रपतिपद. ११ फेब्रुवारी १९७७ला फखरुद्दीन अली अहमद वारले आणि राष्ट्रपतिपदाचा भार जत्तींवर आला. मार्चमध्ये या जुन्या उपमंत्र्याने मोरारजींना पंतप्रधानपदाची शपथ दिली!

महिन्याभरात दोघे समोरासमोर आले. लोकसभेत काँग्रेसचा धुव्वा उडाला, तेव्हा तिच्या ताब्यातल्या नऊ विधानसभाही बरखास्त करा, असा मोरारजींच्या जनता सरकारचा आग्रह. राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि हरली. तरी जत्ती सही करेनात. घटनेच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला होता. तो फेरविचारासाठी परत पाठवण्याची सोय चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने नंतर आली. चालढकल एवढेच त्यांच्या हाती होते. शेवटी ३० एप्रिलला सही झाली.

जुन्या पक्षाच्या, काँग्रेसच्या मिठाला जागले, असे तेव्हा म्हटले गेले. असेलही. आणीबाणीत राज्यसभेच्या सभापतिपदी बसलेले जत्ती असे अडून बसल्याचे दिसले नव्हते. पण विचारणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवून प्रश्न निकालात निघत नाही. लोकसभा हरलेल्या पक्षाने राज्यातला कौलही गमावला, असे दिल्लीने परस्पर ठरवायचे का?

फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींनी हाच न्याय जनतावाल्यांना लावला. पुन्हा नऊ विधानसभा, त्यांत महाराष्ट्राचीही. शरद पवारांचे पुलोद सरकार त्यात गेले. या वेळी संजीव रेड्डी पूर्ण मुदतीचे राष्ट्रपती होते, सल्ला परत पाठवायचे कलमही हाताशी होते. सही झाली.

केवळ लोकसभेच्या निकालावर राज्य सरकार घालवता येत नाही, हे न्यायालयाने बजावले ते १९९४ मध्ये, बोम्मई खटल्यात. ते बडतर्फ मुख्यमंत्री बोम्मईही जत्तींच्याच उत्तर कर्नाटकातले.