देखाव्याने कलाकारासाठी थांबायला हवं

गणपतीच्या बैठका सुरू झाल्या की कात्रज, आंबेगाव, धनकवडी, सुखसागरनगर या पट्ट्यातली मंडळं आधी विषय ठरवतात, मग मूर्ती, मग मांडव. 'जिवंत देखावा' करायचा ठरला तर निवेदन आणि संवाद स्टुडिओत रेकॉर्ड होतात, मागच्या एलईडी वॉलसाठी व्हिडिओ तयार होतो आणि शेवटी सगळं एकत्र करून बारा-पंधरा मिनिटांची एकच फाइल पेनड्राइव्हवर येते. प्ले दाबलं की देखावा सुरू, फाइल संपली की देखावा संपला. माझा विरोध या एका फाइलला आहे.

मी वॉलवर व्हिडिओ सोडण्याचं काम करते. राहायला दत्तनगरला. क्यू धरायला शिकले ती कॉलेजात, फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींमध्ये. पुढे स्नेहसंमेलनं, लग्नं, शिवजयंती, श्रद्धांजली सभा आणि दरवर्षी गणपती. या सगळ्यांत जीव सर्वात जास्त गुंततो तो जिवंत देखाव्यात. काम करणारी मुलं दिवसभर नोकरी किंवा कॉलेज करून आलेली असतात, मिशा चिकटवून, जड अंगरखे घालून घामाघूम होत एका संध्याकाळी पाच-सहा वेळा तोच प्रसंग उभा करतात, आणि समोर आजूबाजूच्या सोसायट्यांतली माणसं लेकरांना खांद्यावर घेऊन उभी असतात.

एका मंडळाने आग्र्याहून सुटकेचा देखावा केला होता. गर्दीमुळे पेटारे घेतलेली मुलं विंगेतच अडकली. फाइल काही थांबली नाही. पेटारे निघाले, पहारेकऱ्यांनी तपासले, पेटारे गेले, असं निवेदन रिकाम्या रंगमंचावर वाजत राहिलं. मुलं धापा टाकत आली तेव्हा मागच्या वॉलवर राजगड दिसत होता. लोक हसले. महाराजांच्या वेशातल्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. चूक त्याची नव्हती, पेटारेवाल्यांचीही नव्हती. रस्त्यावरच्या देखाव्यात उशीर होणारच: कुणाचा जिरेटोप निसटतो, घोडा बुजतो, एखादं पोर रडत मधे येतं. उशीर झाला तर काय करायचं, याची सोयच त्या रचनेत नव्हती.

यावर उपाय आहे. फाइलचे तुकडे करा आणि ते सोडायला माणूस बसवा.

हे नवं काही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं क्रमाने लावलेली पोथी समोर ठेवायची, गात गात एक चित्र दाखवायचं आणि तो प्रसंग गाऊन झाला की पुढचं काढायचं. चित्र किती वेळ समोर राहील हे गाणारा ठरवतो. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका'चे खेळ केले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या एकवीस वर्षं आधी. काचांवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याच्या यंत्रातून पडद्यावर पाडायची, ती सरकवून हालचालीचा भास निर्माण करायचा आणि सोबत कथा सांगायची. काचा क्रमाने लावून ठेवणं आणि निवेदनाच्या नेमक्या शब्दाला काच सरकवणं, हे कसब पटवर्धन बापलेकांचं होतं. आज माझ्यासमोर काचेऐवजी लॅपटॉप आहे, एवढाच फरक.

माझ्या कामाला मी रेझोल्युम हे सॉफ्टवेअर वापरते. त्याचा पडदा चौकटींचा असतो. आडव्या ओळी म्हणजे लेयर, उभ्या रांगा म्हणजे कॉलम. एका लेयरवर एका वेळी एकच क्लिप चालते. म्हणून खालच्या लेयरवर मी देखाव्याचं स्थळ ठेवते, आग्र्याची रात्र, गडाचा दरवाजा, दरबार. मधल्या लेयरवर आवाजासह घडणारा प्रसंग. सगळ्यात वर मंडळाचं नाव आणि सूचनांची पट्टी. कॉलमच्या डोक्यावर क्लिक केलं की त्या रांगेतल्या सगळ्या क्लिप एकदम सुटतात. म्हणजे एक कॉलम हा देखाव्यातला एक प्रसंग झाला.

आता खरी गोष्ट. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी एक अशी जागा लागते जिथे देखावा थांबला तरी थांबल्यासारखा दिसणार नाही. मशाली जळताहेत, वारा आहे, लांबून नगाऱ्याचा हलका आवाज येतोय. ही क्लिप लूपवर फिरत राहते. पेटारेवाले जागेवर आले हे मी डोळ्यांनी पाहते आणि मगच पुढचा कॉलम सोडते. पाच सेकंद थांबावं लागलं काय आणि पन्नास सेकंद काय, प्रेक्षकांना तो ताण वाटतो आणि अशा प्रसंगात ताण हवाच असतो. पंधरा मिनिटांच्या देखाव्याला अशा सात-आठ जागा पुरतात. त्या मात्र संहिता लिहितानाच ठरवायला हव्यात. स्टुडिओतून बाहेर पडताना ध्वनिमुद्रणाचे तुकडे वेगळे मागून घ्या. एकसंध पट्टी नंतर कापली तर संगीत मधेच तुटतं.

क्लिप ठरलेल्या तालावरच सुटावी, अशी सोयही या सॉफ्टवेअरमध्ये आहे. रेकॉर्ड केलेल्या संगीतासोबत ती उत्तम चालते. प्रत्यक्ष ढोल-ताशा वाजत असेल तर ती बंद ठेवावी. पथक यंत्राच्या मात्रेत बांधलेलं नसतं आणि नसावंही. तिथे ताशावाल्याच्या हाताकडे बघायचं.

मांडणीचं बरंचसं काम घरी, टेबलावर होतं. फाइलींना मी १०, २०, ३० असे आकडे देते. ऐनवेळी अध्यक्षांचं मनोगत घुसलं तर ते २५ होतं, बाकी क्रम हलत नाही. सगळ्या क्लिप लॅपटॉपच्या एसएसडीवर एकाच फोल्डरमध्ये घेते. सॉफ्टवेअर क्लिप स्वतःत साठवत नाही, ती कुठे ठेवली आहे एवढंच लक्षात ठेवतं. पेनड्राइव्हवरून ओढलेली क्लिप पेनड्राइव्ह काढला की गेली. शिवाय बाहेरून येणारे व्हिडिओ बहुधा एच.२६४ पद्धतीचे असतात. त्यात बऱ्याच फ्रेममध्ये पूर्ण चित्र नसतं, आसपासच्या चित्रांहून वेगळं जेवढं तेवढंच नोंदलेलं असतं. बघायला ते ठीक, पण झटकन सोडायला किंवा मधूनच सुरू करायला जड. डीएक्सव्ही किंवा हॅप पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ग्राफिक्स कार्ड ती उलगडतं. फाइल कित्येक पटींनी मोठी होते, पण बोट पडताक्षणी चित्र येतं. डीएक्सव्हीत रूपांतर करणारं अ‍ॅली नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लागतो तो वेळ, आणि तोच कुणी देत नाही.

आरतीच्या अर्धा तास आधी व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, "ताई, एवढा व्हिडिओ पण घ्या ना." व्हॉट्सअ‍ॅपने तो आधीच दाबून बारीक केलेला असतो, आणि बहुतेकदा मोबाइल उभा धरून काढलेला. वॉल मात्र आडवी असते आणि कॅबिनेट नावाचे चौकोन जोडून होते. अर्धा मीटर लांबी-रुंदीच्या, ३.९१ मिलिमीटर पिचच्या (म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर) एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. आठ आडवी आणि चार उभी लावली की चार मीटर रुंद, दोन मीटर उंच वॉल झाली आणि तिचं माप १०२४ बाय ५१२. एडिटिंग करणाऱ्याला हे दोन आकडे महिनाभर आधी सांगितले तर महाराजांचं डोकं कापलं जात नाही. वॉलवाल्याला फोन करून माप विचारायला दोन मिनिटं लागतात.

एका फाइलची बाजू घेणारे म्हणतात, ती सुरक्षित आहे, कुणीही प्ले दाबू शकतं. हे खरं आहे. दहा दिवस रोज रात्री बसायला माणूस नसेल आणि देखावा फक्त मूर्तींचा असेल तर एकच फाइल ठेवावी, माझी हरकत नाही. 'जाणता राजा' तर पूर्ण ध्वनिमुद्रित संवादांवर चालत आला, हेही मला सांगितलं जातं. पण बाबासाहेब पुरंदरे यांच्या त्या महानाट्यामागे तालमींची शिस्त होती आणि प्रयोगासाठी राखलेलं मैदान होतं. आपल्या मांडवाशेजारून पीएमपीची बस जाते. १९ फेब्रुवारी २०२३ ला खुल्या झालेल्या आंबेगावच्या शिवसृष्टीतल्या सरकारवाड्याचंही तसंच. बंद दालनातल्या खेळाला प्रेक्षक ठरलेल्या दारातून येतात आणि ठरलेल्या जागी थांबतात; तिथे सगळं आधीच बांधून ठेवता येतं. रस्त्यावर नाही.

पैशांचंही बोलते. आमच्याकडे वॉलचं भाडं चौरस फुटावर ठरतं आणि ऑपरेटर वॉलसोबत येतो, टेबल-खुर्चीसारखा. त्याने संहिता वाचलेली नसते, कारण ती त्याला कुणी दिलेली नसते. मग तोही एकच फाइल मागतो, आणि त्याला दोष देता येत नाही. वॉल चार चौरस फूट लहान घ्या आणि ते पैसे ऑपरेटरच्या तालमीच्या दिवसाला द्या. तेही परवडत नसेल तर भारती विद्यापीठात किंवा सिंहगडमध्ये शिकणारी मुलं मंडळात असतातच. त्यांच्यातल्या एकीला किंवा एकाला यासाठी मोकळं ठेवा. ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात प्रसंगांचे सीन करून प्रत्येकाला कळ नेमून देता येते. चोरीचं सॉफ्टवेअर मात्र घालू नका. ऐन देखाव्यात ते बंद पडलं तर विचारायला कुणी नसतं, आणि देवाच्या मांडवात ते शोभतही नाही.

देखावा कुठलाही असो, प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री वॉल लावून, पोशाख चढवून, आवाज सोडून एक पूर्ण तालीम घ्या. क्लिप सोडणाऱ्याला रंगमंच सरळ दिसेल अशी जागा द्या. जनरेटरच्या मागे बसवलं तर त्याला काहीच दिसणार नाही. आणि देखावा संपल्यावर कलाकारांची नावं घ्याल तेव्हा त्याचंही घ्या.