आबालाल रहिमान व आमच्या चित्रकलेच्या वह्या

आमच्या विद्यार्थ्यांच्या चित्रकलेच्या वह्या चाळल्या तर बहुतेकांत एकच देखावा आढळतो: दोन त्रिकोणी डोंगर, मध्यें अर्धा सूर्य, खालीं नदी व कांठीं नारळाचें झाड. शहापूर तालुक्यांत वाढलेल्या मुलानें, माहुलीचे सुळके ओळखीचे असतां, हे त्रिकोण कोठून आणावे याचें आम्हांस नवल वाटतें.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची गोष्ट या बाबतींत ध्यानांत घेण्याजोगी आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते शिकले. १८८८ सालीं त्यांस व्हाइसरॉयांचें पदक मिळालें. मुंबईंत राहून धनिकांचीं व्यक्तिचित्रें काढण्याचा मार्ग मोकळा होता. ते मात्र गांवीं परतले आणि कोटितीर्थ तळ्याच्या कांठीं बसून तेंच पाणी व तीच झाडी पुनःपुन्हां रंगवूं लागले. एकच तळें इतक्या वेळां कशास काढावें? सकाळचें पाणी दुपारीं तसें राहत नाहीं, आणि वैशाखांतलें श्रावणांत राहत नाहीं. हें ज्यास दिसलें त्यास विषयाची वाण कशी पडणार!

शाहू छत्रपतींचा त्यांस आश्रय होता. १९२२ सालीं महाराज निवर्तले, तेव्हां दुःखाच्या भरांत आबालालांनीं आपलीं कित्येक चित्रें त्याच तळ्यांत सोडून दिलीं, असें सांगतात. १९३१ सालीं ते वारले.

पालक येथें म्हणतील, “अशा कलेनें पोट कसें भरावें?” प्रश्न रास्त आहे, आणि चित्रावर संसार चालतोच असें आम्हीही म्हणत नाहीं. आमचें मागणें लहान आहे. मुलानें आठवड्यांतून तासभर वही घेऊन बांधावर बसावें, व घरच्यांनीं त्यास रिकामटेकडा म्हणूं नये.

खरी अडचण निराळीच आहे. गुडघाभर चिखलांत आवणी करणारी आपली आई चित्रांत काढावयास पुष्कळ मुलांस लाज वाटते. १८५७ सालीं मिले या फ्रेंच चित्रकारानें शेतांत सांडलेलीं कणसें वेचणाऱ्या तीन गरीब बाया रंगविल्या, तेव्हां पॅरिसच्या प्रतिष्ठित टीकाकारांनींही नाकें मुरडलीं होतीं. आज तेंच चित्र पाहण्यास लोक दूरदेशांहून जातात.

तेव्हां येत्या वर्षीं नारळाचें झाड राहूं द्यावें. राब भाजतांना उठणारा धूर, कसारा स्थानकांत घाट चढण्यासाठीं गाडीस मागून लागणारें इंजिन, आणि आवणीच्या वेळीं वांकलेली आई, एवढीं तीन चित्रें आम्हांस वह्यांत पाहावयाचीं आहेत.