तळणीचं तेल फुकट, यंत्र मात्र दहा हजार डॉलरचं!

भजी तळून झाल्यावर कढईत उरलेल्या काळपट तेलाचं करायचं काय, हा प्रश्न आपल्याकडच्या गृहिणीला नवा नाही. अमेरिकेतल्या काही हौशी मंडळींनी त्यावर भलतंच उत्तर शोधलं. त्यांनी ते तेल चक्क गाडीत घातलं!

अर्थात, कढईतून सरळ टाकीत नव्हे. हॉटेलांतून वापरलेलं खाद्यतेल गोळा करायचं, घरच्या गॅरेजमध्ये त्याचं बायोडिझेल बनवायचं आणि डिझेलवर चालणाऱ्या गाडीत भरायचं. १९९७ मध्ये जोशुआ टिकेल नावाचा तरुण ‘व्हेजी व्हॅन’ घेऊन अशा इंधनावर अमेरिकेत फिरला आणि या छंदाचा बराच बोलबाला झाला. जुलै २००८ मध्ये तिथे डिझेलचा सरासरी भाव गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, पावणेपाच डॉलरवर पोचला. मग काय, छंदाचा धंदा व्हायला वेळ लागला नाही. ‘घरच्या घरी इंधन बनवा’ म्हणत तयार यंत्रं बाजारात आली होतीच. ‘फ्युएलमायस्टर’ हा प्लास्टिकच्या टाक्यांचा संच तीन हजार डॉलरच्या आसपास मिळे. ‘बायोप्रो’ हे स्टेनलेस स्टीलचं स्वयंचलित यंत्र मात्र आठ ते दहा हजारांच्या घरात. यंत्रं दिसायला झकास. पण ती घेणं परवडतं का?

त्यासाठी आधी यंत्राच्या पोटात काय चालतं ते पाहायला हवं. कृती तशी पाकक्रियेसारखीच आहे. गाळलेलं, पाणी काढलेलं १०० लिटर तेल घ्यायचं. २० लिटर मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून ते मिश्रण तेलात सोडायचं. सोडा अर्धा-पाऊण किलो, तेल जितकं खवट तितका जास्त. पन्नास-पंचावन्न अंश तापमानाला तास-दोन तास घुसळायचं आणि रात्रभर निवू द्यायचं. सकाळी तळाशी तपकिरी, दाट ग्लिसरीन बसलेलं असतं आणि वर बायोडिझेल. त्यातला साबणाचा अंश पाण्याने धुऊन काढला, ओलावा घालवला की झालं इंधन तयार! रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. तेव्हा ही कल्पना काही आजची नव्हे.

या सगळ्या खटाटोपाला लागतं काय? एक टाकी, एक पंप, तापवायची सोय आणि थोडे नळ. बाजारातली यंत्रं नेमकी इथेच उघडी पडतात. मारिया अलोव्हर्ट या कॅलिफोर्नियातल्या कार्यकर्तीने ‘ॲपलसीड’ नावाच्या एका घरगुती यंत्राचा प्रसार केला. आपल्याकडच्या गीझरसारखी पाणी तापवायची जुनी विजेची टाकी घ्यायची, तिला पंप आणि नळ जोडायचे. आराखडा सर्वांना मोफत. सामानाचा खर्च काहीशे डॉलर. आणि गंमत म्हणजे ही भंगारातली टाकी महागड्या प्लास्टिकच्या टाकीपेक्षा उजवी ठरते. ती पोलादी असते, दाब सोसते आणि पूर्ण बंद राहते.

बंद राहणं ही चैन नव्हे. मिथेनॉल म्हणजे अव्वल दर्जाचं विष. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये दारूतून हेच पोटात गेलं आणि शंभराहून अधिक माणसं प्राणाला मुकली. त्याची वाफ श्वासातूनही बाधते आणि चटकन पेटते. दिवसाउजेडी त्याची ज्वाला धड दिसतसुद्धा नाही. गॅरेजमध्ये आग लागलीच, तर प्लास्टिकची टाकी वितळून आतलं शेकडो लिटर तेल त्या आगीत सांडणार. अशा संचासाठी तीन हजार डॉलर मोजणं म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणं. ज्याला पाना धरता येतो त्याने ते वाचवावेत आणि ज्याला धरता येत नाही त्याने मिथेनॉलच्या वाटेलाच जाऊ नये.

दहा हजारी यंत्राची गोष्ट वेगळी. ते पोलादी आहे आणि घुसळण्यापासून धुण्यापर्यंतची कामं बरीचशी आपली आपण करतं. एका घाण्यात १९० लिटर, साधारण दोन दिवसांत. माणसाचे कष्ट वाचतात, यात शंका नाही. पण हिशेब पाहा. समजा, एका कुटुंबाची एकच गाडी वर्षाला ५०० गॅलन डिझेल पिते. बाजारात डिझेल तीन डॉलर गॅलन आणि घरच्या इंधनाला मिथेनॉल, सोडा, वीज मिळून एक डॉलर खर्च धरला, तर गॅलनमागे दोन डॉलर सुटतात. वर्षाचे झाले हजार. म्हणजे यंत्राची किंमत निघायलाच दहा वर्षं! तोवर गाडी तरी टिकायला हवी ना?

शिवाय या हिशेबात तेल फुकट धरलं आहे. खरी मेख तिथेच आहे. पूर्वी हॉटेलवाले ‘न्या बाबा एकदाचं’ म्हणून तेल देऊन टाकत. मोठे कारखाने ते विकत घेऊ लागले, तशी त्याला किंमत आली. २००८ च्या सुमारास तर हॉटेलांमागचे पिंपच रिकामे करणारे चोरही निघाले. दर घाण्यामागे उरणाऱ्या पंधरावीस टक्के ग्लिसरीनच्या गाळाची विल्हेवाट वेगळीच. नव्या डिझेल गाड्यांची नाजूक इंजिनं घरगुती इंधन खपवून घेत नाहीत आणि बिघाड झाला तर कंपनी वॉरंटीवर बोट ठेवते. ज्याचं स्वतःचं मोठं उपाहारगृह आहे, चार-सहा जुनी डिझेल वाहनं आहेत, त्याला महागडं यंत्र परवडू शकतं. एका गाडीच्या घराला नाही.

इंग्लंडमध्ये सरकारने ३० जून २००७ पासून वर्षाला अडीच हजार लिटरपर्यंत असं इंधन करणाऱ्यांना इंधनकर माफ केला. हौशी लोकांना यंत्राच्या किमतीपेक्षा हाच आधार मोठा वाटला असणार.

आपल्याकडे मात्र हा उद्योग घरी करण्यात काहीच हशील नाही. महिनाभराच्या तळणीतून पाव-अर्धा लिटर तेल उरणार. शंभर लिटरचा एक घाणा भरायला सोळा वर्षं तरी हवीत! वर मिथेनॉल म्हणजे नियमांच्या कचाट्यातली वस्तू. खरं तेल आहे ते फरसाणवाल्यांकडे, हॉटेलांत, केटरर्सकडे. ते पुन्हा पुन्हा तापून अपायकारक होतं आणि स्वस्तात रस्त्यावरच्या गाड्यांवर जातं, ही तक्रार जुनी. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांवर पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्यापुढचं तेल बायोडिझेलच्या कारखान्यांकडे वळवायची योजना आखली. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये देऊ केले. गाड्यावरचा वडा कुठल्या तेलात तळला जातो, हे या कारखान्यांच्या भावावरही ठरणार आहे. फरसाणवाल्याला काळं तेल चोरून विकण्यात दोन रुपये जास्त मिळाले, तर तो कारखान्याला कशाला देईल?